भिंतीकडेनं चालायचं

माझे सासरे ट्रेव्हर अ‍ॅक्रॉइड हे सुतार. हॅलिफॅक्सच्या वर टेकडीवर आमचं गाव आहे, तिथं एकूण चार सुतार. पण सासऱ्यांच्या हिशेबानं एकच, आणि उरलेले तिघं लाकूड वाया घालवण्याचा धंदा करतात. शुक्रवारी क्लबात बिअरचा ग्लास हातात आला, की ते गावातल्या दारंखिडक्यांची हजेरी घेत. एकदा बॅरी सटक्लिफनं क्लबाचंच नवीन दार बसवलं होतं. सासऱ्यांनी ते दोनदा उघडलं, दोनदा लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "हे दार नाही बॅरी. हे दाराचं आश्वासन आहे." बॅरी पुढं दोन महिने मागच्या दारानं आत येत होता.

"एकदाच करायचं, पण नीट करायचं," हे त्यांचं ब्रीद. व्हॅनवरही तेच रंगवलेलं. आणि पुरावा मागितलाच कुणी, तर ते स्वतःच्या घराच्या छपराकडे बोट करत. "माझा पोटमाळा बघ जाऊन. शहाण्णव साली एकट्यानं केलाय. खाली आठ इंची तुळया आहेत, आठ इंची! वर बस उभी केलीस तरी हलायची नाही."

मी बस डेपोत वेळापत्रकं लावतो, त्यामुळं बसचं वजन मला ठाऊक होतं. पण जावयानं असल्या जागी तोंड उघडू नये, हेही ठाऊक होतं.

त्या पोटमाळ्याचा एक नियम होता. भिंतीकडेनं चालायचं. मी पहिल्यांदा त्या घरी मुक्कामाला गेलो, तेव्हा सासऱ्यांनी मला जिन्याच्या तोंडाशी अडवलं. मला वाटलं, आता लग्नाचं विचारणार. घसा साफ करून ते म्हणाले, "वर गेलास की भिंतीकडेनं चाल. मधे पाय घालू नकोस. फळ्यांची पॉलिश खराब होते." आणि एका वेळी वर दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत, हा पोटनियम. पलंग भिंतीला, कपाट भिंतीला, पुस्तकं भिंतीला. खोलीच्या मधोमध एक निळा गालिचा, सत्तावीस वर्षांत ज्याला कुणाचा पाय लागला नाही असा, दुकानातून कालच आणल्यासारखा. माझी बायको कर्स्टी आठ वर्षांची असल्यापासून त्या खोलीत वाढली. वाढदिवसाला मैत्रिणी आल्या तर खाली, उड्या मारायच्या तर अंगणात. तिला त्यात काही वेगळं वाटत नसे. लग्नानंतर आमच्या भाड्याच्या खोलीतही ती पहिले काही दिवस भिंतीकडेनंच जायची. मी म्हटलं, "अगं, मधून ये." ती म्हणाली, "पॉलिश?" मी म्हटलं, "खाली सिमेंट आहे."

गोष्ट सुरू झाली ती सासूबाईंच्या खुब्यापासून. ग्लेनिस अ‍ॅक्रॉइड ही बाई सरळ. शाळेच्या भोजनगृहात तीस वर्षं पळीनं वाढता वाढता तिनं कुणाला एक चमचा कमी दिला नाही, जास्तही दिला नाही. आता खुबा गेला. जिना उतरताना ती पाठमोरी उतरे, लहान मूल उतरतं तशी. डॉक्टर म्हणाले, बैठं घर बघा. खालच्या रस्त्याला एक बैठं घर निघालं, मालक मुलाकडे परदेशी चाललेले. त्यांना ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला मोकळं व्हायचं होतं. कर्स्टीला तेव्हा पाचवा महिना. तेव्हा ठरलं असं, की सासऱ्यांचं घर आम्ही घ्यायचं, आमच्या पैशांत त्यांनी बैठं घर घ्यायचं. घरातल्या घरात व्यवहार, भांडायला दलालसुद्धा नाही. फक्त आमच्याकडे पैसे नव्हते. ते बँकेकडे होते.

बँकेनं घर पाहायला एक माणूस पाठवला. बारीक, नाकावर चष्मा, पायात सासऱ्यांना न आवडणारे बूट. तो भिंतींवर बोटं वाजवत पोटमाळ्यापर्यंत गेला, जिन्यातूनच डोकावला आणि विचारलं, "ह्या खोलीच्या मंजुरीचा कागद?"

"कागद?" सासरे म्हणाले. त्यांनी दोन्ही पंजे त्याच्यापुढं धरले. "हे बघ कागद."

त्यानं पंजे पाहिले आणि वहीत काहीतरी लिहिलं. आठवड्यानं बँकेचं पत्र आलं. पोटमाळ्याच्या खोलीला कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, मंजुरी दिसत नाही. पुरावा दाखवा, नाहीतर ती खोली आम्ही अडगळ म्हणून धरू आणि कर्ज त्या मानानं कमी देऊ. कमी म्हणजे किती, तर नेमकं तेवढं, जेवढ्यानं बैठं घर हातचं जात होतं.

आम्ही वकीलबाईंकडे गेलो. मिसेस डिअरडन. शांत बाई, बोलताना पेन्सिल आडवी ठेवून सरळ करायची सवय. त्या म्हणाल्या, "घाबरू नका. निम्म्या गावाचे माळे असेच आहेत. यावर एक विमा मिळतो. उद्या कौन्सिलनं त्रास दिला तर विमा कंपनी भरपाई करते. बँकेला तेवढं चालतं. एकदाच नव्वद पौंड भरायचे."

"बस?" मी म्हणालो.

"एकच अट आहे. या माळ्याबद्दल कौन्सिलला कुणी कळवलेलं नसलं पाहिजे. एक फोन जरी गेला असेल, तरी कुठलीही कंपनी विमा देत नाही."

म्हणजे जो गप्प बसला त्याला संरक्षण, जो विचारायला गेला तो उघड्यावर. मला ही व्यवस्था एकदम समजली, कारण आमच्या शाळेतही मुख्याध्यापक असंच करत.

संध्याकाळी सासरी जेवायला होतो. सासूबाईंनी मटणाच्या कीम्यावर बटाट्याचा थर देऊन तो ओव्हनमध्ये भाजला होता. मी वकीलबाईंचं सांगितलं. सासऱ्यांचा चेहरा असा उजळला, की गेला आठवडाभर तो किती काळवंडला होता ते मला तेव्हा कळलं.

"नव्वद पौंड आणि तोंड बंद!" ते म्हणाले. "पोरा, याला म्हणतात वकील. ग्लेन, वाढ त्याला अजून."

सासूबाईंनी वाढलं नाही. पळी तशीच हातात.

"कौन्सिलला कळवायचं नव्हतं?" तिनं विचारलं.

"अजिबात नाही."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे काय, ग्लेन?"

"मी मंगळवारी फोन केला."

 ताटांतली वाफ तेवढी वर जात होती.

"कुणाला?" सासरे म्हणाले. त्यांना ऐकू आलं होतं.

"कौन्सिलला. तो चष्मेवाला माझ्या घरात येऊन नाक मुरडून गेला, तर मी काय गप्प बसू? मी त्या पोरीला सांगितलं, माझ्या नवऱ्यानं केलाय माळा, आठ इंची तुळया आहेत, तुमच्याकडचा सगळ्यात हुशार माणूस पाठवा, म्हणावं काम कशाला म्हणतात ते बघून जा."

"आई!" कर्स्टी म्हणाली.

"काय आई? खरं तेच सांगितलं. लपवायला आपण काय चोर आहोत?"

सासऱ्यांनी काटा खाली ठेवला. सत्तावीस वर्षं ज्या बढाईवर त्यांनी क्लबात बिअर पचवली, ती बढाई जगात एकाच माणसानं शंभर टक्के खरी मानली होती, आणि तिनंच आता फोन केला होता.

कौन्सिलचं पत्र आलं. नऊ ऑक्टोबरला निरीक्षक येतील. मागाहून मंजुरी देता येते. मात्र तुळया दिसाव्यात म्हणून मालकानं माळ्याची जमीन एका ठिकाणी उघडून ठेवावी. सासऱ्यांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "एका ठिकाणी," ते म्हणाले. "एकाच ना?"

त्यानंतर त्यांचं जेवण तुटलं. क्लबात जाईनात. सासूबाई म्हणे, "एवढं काय मनाला लावून घेतोस? बघू दे की त्यांना. शाबासकीच मिळेल." हे ऐकलं की ते उठून मागच्या शेडमध्ये जात. तिकडून रंध्याचा आवाज येई, पण बाहेर कधी काही तयार होऊन येत नसे. दर शुक्रवारी बैठ्या घराचे मालक फोन करत, "जमतंय ना?" आणि मी म्हणे, "जमतंय जमतंय."  वेळापत्रक लावणाऱ्याला उशिराची जी भीती असते, ती इतरांना कळायची नाही. कर्जाचा देकारही एकतीस तारखेपर्यंतच होता. एक गाडी चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात.

रविवारी सासऱ्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. जमिनीवर घोट्याएवढा भुसा. हातातली फळी घासून घासून पट्टीएवढी झालेली.

"चार इंची आहेत," ते म्हणाले.

"काय चार इंची?"

"तुळया. घर बांधलं तेव्हाच्या, छताच्या. नुसतं छत पेलायच्या. माणसं पेलायच्या नाहीत."

 ते फळीकडे बघत बोलत राहिले. शहाण्णव साली सासूबाईंची आई पडली. दवाखाना शुक्रवारी घरी सोडणार म्हणाला. म्हातारीला कर्स्टीची खोली द्यायची, तर कर्स्टीला माळा हवा. आठ इंची लाकूड मागवलं होतं, वखारीची लॉरी बुधवारी येणार होती.

"शुक्रवारी म्हातारी आली, लाकूड नाही आलं. मग मी जुन्या तुळयांवर ठोकळे ठेवून उंची बरोबर केली आणि वर फळ्या मारल्या. तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात उचकटून नीट करणार होतो."

"आणि लाकूड?"

"मंगळवारी आलं. पण तोवर पलंग लागला होता, गालिचा पडला होता, ग्लेन चार लोकांना दाखवून आली होती. मी ते लाकूड एका दंतवैद्याच्या माळ्यात घातलं." मग जरा थांबून, जुन्या सवयीनं, "तो माळा मात्र आजही दगड आहे."

"म्हणून भिंतीकडेनं."

"भिंतीपाशी खालून आधार मिळतो. मधे नाही मिळत." त्यांनी डोळे पुसले की भुसा झटकला, ते मला नीट दिसलं नाही. "दरवर्षी म्हणायचो, यंदा करू. तोंड पुढं गेलं पोरा, हात मागं राहिले."

मग त्यांनी बेत सांगितला. पत्रात एकच जागा उघडायला सांगितलंय. तर खिडकीजवळ, भिंतीपासून फूटभर, तिथल्या दोन फळ्या उचलायच्या आणि त्याखाली चार-चार फुटांचे दोन आठ इंची तुकडे बसवायचे. निरीक्षक वाकून बघेल, आठ इंच मोजेल, लिहून घेईल.

"आणि उरलेला माळा?"

"कर्ज होऊ दे. मग मी सगळा करतो. शपथ."

खरं म्हणजे तिथंच मी नाही म्हणायला हवं होतं. पण बैठ्या घराचे मालक शुक्रवारीच म्हणाले होते, की दुसरं एक गिऱ्हाईक रोखीनं घ्यायला तयार आहे. आणि दुपारीच मी सासूबाईंना जिना पाठमोरी उतरताना बघितलं होतं, दर पायरीला ओठ आवळून. मी म्हणालो, "कधी करायचं?"

बुधवारी कर्स्टी आईला खुब्यासाठी दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा केलं. नवं लाकूड पांढरंफटक दिसत होतं, म्हणून सासऱ्यांनी त्याला आधी कोऱ्या चहाचे तीन हात दिले, मग चुलीतली काजळी चोळली, मग कोपऱ्यात कोळ्याचं जाळंसुद्धा काडीनं नेऊन लावलं. कडा अशा बेमालूम बसवल्या, की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. मी वरून दिवा धरून बघत होतो. सांगायला लाज वाटते, पण त्या माळ्यातलं सगळ्यात नीट काम तेच होतं.

नऊ तारखेला निरीक्षक आल्या. मिस महमूद, तिशीची मुलगी, हॅलिफॅक्सचीच, हातात टॉर्च आणि फीत. दारातच हसून म्हणाली, "मिस्टर अ‍ॅक्रॉइड, तुम्ही मला ओळखायचा नाहीत. स्टेशनजवळच्या माझ्या वडिलांच्या दुकानाचा काउंटर तुम्ही केला होता. मी त्यावर बसून गृहपाठ केलाय. अजून हलत नाही."

एरवी सासऱ्यांना हे वाक्य महिनाभर पुरलं असतं. त्या दिवशी ते "हं" एवढंच म्हणाले.

सासूबाई हट्टानं दोन जिने चढली, काठी टेकत. नवऱ्याची स्तुती तिला स्वतःच्या कानांनी ऐकायची होती. वर येऊन ती पलंगावर बसली, हात मांडीवर घडी करून, शाळेच्या बक्षीस समारंभाला बसतात तशी. मिस महमूद गुडघ्यावर बसली, भोकात टॉर्च मारला, फीत सोडली.

"आठ इंची," ती म्हणाली. "छान. किती वर्षं झाली?"

"सत्तावीस," सासूबाई म्हणाली.

"लाकूड काय जपलंय! मला वाटतं आपलं काम लवकर आटपेल. खाली जिन्याला आगीत टिकणारं दार लावा, धुराची घंटी लावा, बाकी..." आणि ती लिहू लागली.

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते भिंतीला पाठ लावून उभे होते, डोळे जमिनीवर.

"मग आता मोजून घेऊ या," कर्स्टी म्हणाली. कुणाचं लक्ष नसताना ती निळ्या गालिच्यावर जाऊन उभी राहिली होती. सहाव्या महिन्याचं पोट, हातात माझीच फीत. "पाळणा इथं मधोमध ठेवायचा. खिडकीचा उजेड नेमका इथं पडतो. मिस महमूद, हिचं एक टोक धरता का जरा?"

"धरते की," म्हणत मिस महमूद गालिच्यावर गेली.

"थांब, मलाही बघू दे," म्हणत सासूबाई काठी टेकून उठली आणि त्यांच्याकडे निघाली.

"मधे नको!"

सासरे ओरडले. असे, की रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. तिघी जागच्या जागी थिजल्या.

मला वाटलं, अजून सावरता येईल. "पॉलिश," मी म्हणालो. "पॉलिश खराब होते."

मिस महमूदनं पायाखाली बघितलं. "पण इथं तर गालिचा आहे."

"पॉलिश गेली खड्ड्यात," सासरे म्हणाले. "कर्स्टी, हलू नकोस. आता सावकाश भिंतीकडे ये. आधी तू. मग तुम्ही, बाई. ग्लेन, तू तिथंच खाली बस." मग त्या भिंतीला लागल्यावर, एका दमात, "चार इंची आहेत. सगळ्या. तुम्ही बघितल्या त्या खोट्या. गेल्या बुधवारी घातल्यात."

 मिस महमूद पुन्हा भोकाशी जाऊन बसली, हात खाली घालून तुकड्याचं टोक चाचपलं.

"लांबी?"

"चार फूट."

"आणि हा रंग?"

"चहा."

"जाळंसुद्धा?"

"जाळं खरं आहे," सासरे म्हणाले. "जागा बदललीय."

तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण तिनं ते हलू दिलं नाही. लिहिलेलं पान तिनं आडव्या रेघेनं खोडलं. मला वाटलं, ही रेघ आमच्या कर्जावरून गेली, बैठ्या घरावरून गेली.

सासूबाई पलंगावर बसली होती. तिनं आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाली, "आठ वर्षांची होती रे ती, ट्रेव्हर." एवढंच. मग कर्स्टी माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?" मी भिंतीकडे बघितलं. त्या खोलीत बघायला भिंतीच होत्या. त्या दिवसापासून पुढं महिनाभर त्या घरात माझं नाव 'तो दुसरा' होतं.

जाताना मिस महमूद दारात थांबली. "नाही म्हणून टाकणं मला सोपं आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगितलं नसतं तर मी आज होय म्हणून गेले असते, आणि ते मला जास्त महागात पडलं असतं. सगळ्या फळ्या काढा. भिंतीपासून भिंतीपर्यंत आठ इंची घाला. त्याआधी इंजिनिअरचा हिशेबाचा कागद आणा. फळ्या लावायच्या आधी मला सगळं उघडं दिसलं पाहिजे. सत्तावीसला येते. तेव्हा बरोबर असेल तर कागद त्याच दिवशी देते."

"सत्तावीस!" मी म्हणालो. मधे अठरा दिवस, त्यांतले आठ इंजिनिअरनं घेतले.

लाकूड मात्र या वेळी लॉरीनं वेळेवर आलं. सासरे स्वतः वखारीत जाऊन तिच्यात बसून आले. पण बारा फुटी तुळई त्या वळणाच्या जिन्यातून वर जाईना. शहाण्णव सालीही गेली नसती, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं आणि ते पायरीवर बसले. छपराच्या खिडकीतून, शिडीवरून, हातोहात घ्यायला हवी होती, आणि त्याला किमान चार माणसं लागत. आम्ही दोघं.

"बॅरीला बोलाव," सासूबाई म्हणाली. गेले दहा दिवस ती त्यांच्याशी एवढंच बोलत होती: मीठ दे, दार लाव, बॅरीला बोलाव.

"मेलो तरी नाही."

"क्लबात जा, सगळ्यांसमोर सांग काय केलंयस ते, आणि मग बोलाव. नाहीतर मी फोन करते. मला फोन करता येतो, माहीत आहे ना तुला?"

ते गेले. मी सोबत गेलो, कारण ते मधेच वळले असते. क्लबात त्यांनी उभं राहून सांगितलं, चार इंची. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं त्यांना. बॅरीनं ग्लास संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "किती वाजता?"

शनिवारी सकाळी बॅरी आणि त्याचे दोन भाऊ आले. अख्खी गल्ली बाहेर. एकेक तुळई शिडीवरून वर सरकत होती, सासरे छपरातून धड बाहेर काढून ती ओढून घेत होते, आणि खालून दर वेळी बॅरी हाळी देई, "ट्रेव्हर! हे तुळईचं आश्वासन नाही ना?" पहिल्या तीन तुळयांना सासरे गप्प राहिले. चौथीला म्हणाले, "तुझ्या दाराला वर खिळ्याचा आधार लागतो बॅरी, याला लागत नाही." मग मला जरा बरं वाटलं. माणूस जिवंत होता.

पाच दिवस ते वर काम करत होते. मी डेपोतून सुटलो की जाई आणि हातात देई. फळ्या काढल्यावर दिसत होतं, जुन्या चार इंची तुळया मधोमध किती वाकल्या होत्या ते.  आम्ही दोघं लग्नाआधी त्या खोलीत राहिलो होतो आणि भिंतीकडेनं चालायचं दर वेळी लक्षात राहिलं होतं असं नाही. कर्स्टी रोज दारात येऊन विचारी, "होईल?" सासरे म्हणत, "होईल." बैठ्या घराचे मालक विचारत, "होतंय?" मी म्हणे, "होतंय." सव्वीसला संध्याकाळी बँकेचा माणूस फोनवर म्हणाला, एकतीसनंतर देकार वाढवून मिळणार नाही.

सत्तावीसला सकाळी मिस महमूद आली. फळ्या उघड्याच. तिनं एकेक तुळई मोजली, भिंतीत शिरलेली टोकं टॉर्चनं पाहिली, इंजिनिअरचा कागद ताडला. मग म्हणाली, "मधल्या चार फळ्या लावा." सासऱ्यांनी लावल्या. ती जाऊन बरोबर मधोमध उभी राहिली, चवड्यांवर उंच झाली आणि दोन्ही टाचा धाडकन आपटल्या.

सासऱ्यांनी डोळे मिटले होते.

खालच्या खोलीत सासूबाई कपबशांच्या कपाटाशेजारी मुद्दाम खुर्ची घेऊन बसली होती. खालून आवाज आला, "वाजलं नाही!"

"पुन्हा?" मिस महमूदनं विचारलं.

"पुन्हा," सासरे म्हणाले.

धाड. 

"एक बशीसुद्धा नाही!" सासूबाई ओरडली. दोन आठवड्यांत ती त्यांच्याशी काही न मागता, न फर्मावता बोललेलं ते पहिलं वाक्य.

कागद त्याच दिवशी मिळाला. तो मी पाण्यात भिजू नये म्हणून शर्टाच्या आत घालून वकीलबाईंकडे नेला. त्यांनी पेन्सिल सरळ केली, कागद बँकेला पाठवला. तीस तारखेला दुपारी बँकेचा होकार आला. एकतीसला सासूबाई बैठ्या घरात गेली, दारातून आत एका पावलात, आणि उगाचच तीन-चारदा आत-बाहेर करून पाहिलं.

फेब्रुवारीत मुलगी झाली. पाळणा कर्स्टीनं सांगितल्याप्रमाणे माळ्यावर, मधोमध, उजेडात. सासरे नात बघायला वर आले, तर जिन्यातून वळून भिंतीला धरून निघाले. पलंगाला वळसा, कपाटाला वळसा, पुस्तकांपाशी येऊन थांबले. पाळणा तिथून चार हात लांब.

"इकडे आण तिला," ते म्हणाले.

"तुम्ही या," कर्स्टी म्हणाली.

"अगं, माझे बूट मळलेत. पॉलिश..."

"बाबा."

त्यांनी बूट काढले. एक पाय गालिच्यावर ठेवला, टाचेनं दोनदा ठोकून पाहिलं, कान देऊन ऐकलं. मग दुसरा ठेवला.